शरण जाण्याचा अधिकार

पदव्युत्तर वर्गात ‘सखाराम बाइंडर’ शिकविताना एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न या लेखाचे निमित्त आहे. लक्ष्मीच्या व्यक्तिरेखेवर चर्चा चालली होती. मार खाऊनही सखारामाच्या घरी परत येणारी, ते घर देवघरासारखे सांभाळणारी लक्ष्मी ही केवळ बळी आहे, की त्या आज्ञाधारकपणात तिला काही मिळतेही, असा मुद्दा निघाला. तेव्हा मागच्या बाकावरून ती मुलगी म्हणाली, “मॅडम, एखाद्याला ऐकण्यातच सुख वाटत असेल, तर ते सुख खरे समजायचे की सवयीचे?”

मॅडमनी त्या दिवशी जे उत्तर दिले ते पाठ्यपुस्तकात शोभेल असे होते. पुरुषप्रधान व्यवस्था स्त्रीला लहानपणापासून आज्ञाधारक बनविते आणि मग तिला त्यातच सुख वाटू लागते, वगैरे. ते खोटे नव्हते, पण अर्धे होते. उरलेले अर्धे मॅडमना ठाऊक होते. ते वर्गात सांगता येण्याजोगे नव्हते. त्या संध्याकाळी घरी आल्यावर तो प्रश्न आम्हा दोघांचा झाला आणि पुढे कित्येक वर्षे तसाच राहिला. आता दोघेही निवृत्त झालो आहोत, मुले मार्गी लागली आहेत आणि लाज बाळगण्याचे वय मागे पडले आहे. तेव्हा उत्तराचा प्रयत्न करून पाहतो.

या लेखातले ‘आम्ही’ आदरार्थी नाही. ते दोन माणसांचे साधे अनेकवचन आहे. दर्यापुरात तीस-बत्तीस वर्षे संसार केलेले आम्ही पतिपत्नी, दोघेही मराठीचे अध्यापक. आमच्या सहजीवनात, दार लावल्यानंतर, कधी एक जण हुकूम करतो आणि दुसरा तो पाळतो; कधी याच्या उलट होते. दोन्ही भूमिका दोघांनाही आवडतात. इंग्रजीतून आलेले ‘डॉमिनंट’, ‘सबमिसिव्ह’ आणि दोन्ही आवडणाऱ्यासाठी ‘स्विच’ हे शब्द नव्या पिढीला परिचित असतील. आम्हाला ते फार उशिरा कळले. त्याआधी बरीच वर्षे हे आमच्याकडे निनावीच होते.

त्याची सुरुवात एका सर्वनामापासून झाली. आमच्या पिढीतल्या बहुतेक घरांप्रमाणे आमच्याही घरी पत्नी पतीला ‘अहो’ म्हणते आणि पती पत्नीला ‘तू’ म्हणतो. १९६० मध्ये रॉजर ब्राऊन आणि अल्बर्ट गिल्मन यांनी सत्ता आणि सख्य यांची सर्वनामे कशी वेगळी होतात यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. सत्तेचे सर्वनाम एकमार्गी असते, वरचा खालच्याला ‘तू’ म्हणतो आणि खालचा वरच्याला बहुवचनाने संबोधतो, हे त्यांनी युरोपीय भाषांच्या आधारे दाखविले. मराठी संसारात तेच घडते; फक्त येथे त्या एकमार्गी सर्वनामाला प्रेमाचाही लेप चढलेला असतो. लग्नानंतर सहा-सात वर्षांनी एका रविवारी, निव्वळ थट्टेत, आम्ही ती सर्वनामे बदलली. ती म्हणाली, “पाणी आण रे.” तो म्हणाला, “आणतो. आपण बसा.” पाणी आले. दोघेही हसलो, आणि हसू ओसरल्यावर लक्षात आले की खोलीतली हवा काही वेगळीच झाली आहे.

पुढे काय घडले याची वर्णने आम्ही करणार नाही. शयनगृहाचा तपशील येथे अप्रस्तुत आहे आणि वाचकाला त्याची गरजही नाही. इतके सांगणे पुरे की त्यात आज्ञा असते, प्रतीक्षा असते, कधी उपरण्याने सैल बांधलेले हात असतात, कधी न बोलण्याचा दंडक असतो. पायाशी बसणे असते आणि पायाशी बसवून घेणेही असते. बाहेरून पाहणाऱ्याला या दोन भूमिकांत एक उच्च आणि एक नीच वाटेल. आतला अनुभव असा की त्या दोन निरनिराळ्या विश्रांती आहेत. आज्ञा पाळणाऱ्याला काही वेळ काहीच ठरवावे लागत नाही. दिवसभर परीक्षांचे पेपर, मुलांच्या फिया, सासूबाईंची औषधे, विहिरीचे खारे पाणी आणि नळाची वेळ यांचे निर्णय घेऊन थकलेल्या माणसाला ही सुटका किती हवीशी वाटते हे अनुभवाशिवाय कळणार नाही. आज्ञा करणाऱ्याला मात्र अतिशय सावध राहावे लागते. समोरच्याचा श्वास, खांद्याचा ताण, डोळ्यांतली एखादी छटा, सगळे वाचावे लागते. त्या सावधपणाचा आनंद एखादी अवघड कविता वर्गात उलगडताना होणाऱ्या आनंदासारखा आहे. एरवी संसारात आपण एकमेकांकडे इतके लक्ष देऊन पाहतच नाही.

येथवर सारे सुरळीत वाटेल. पण आम्ही साहित्याचे अध्यापक असल्यामुळे आमच्या सुखालाही पूर्वपरंपरा शोधण्याची खोड आम्हाला आहे. त्यासाठी फार दूर जावे लागले नाही.

आमच्याच जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे. ते रुक्मिणीचे माहेर मानले जाते. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून तिचे हरण झाले, अशी लोकश्रद्धा आहे. भागवताच्या दशम स्कंधातल्या बावन्नाव्या अध्यायात तिने ब्राह्मणाकरवी कृष्णाला पाठविलेला निरोप आहे. वर्गात आपण तो प्रेमपत्र म्हणून शिकवितो, पण नीट पाहिले तर तो एक तपशीलवार आदेश आहे. कधी यायचे, आधी गुप्तपणे आणि मग सैन्यासह कसे यायचे, आप्तांना न मारता तिला अंतःपुरातून कसे नेता येईल ही अडचण, आणि तिचे उत्तर, की विवाहाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या यात्रेसाठी वधू नगराबाहेर जाते, तेव्हा तेथून न्यायचे. हरण होणार आहे ती स्वतः हरणाची वेळ, स्थळ आणि रीत ठरवून देते. पाहणाऱ्या जगाला दिसते ती बळाने उचलून नेलेली राजकन्या. त्या दोघांना ठाऊक असते की रथात बसणारीनेच रथ बोलावला आहे.

रुक्मिणीची ही कथा वऱ्हाडाने फार जिव्हाळ्याने जपली. तेराव्या शतकात रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या लीळेच्या निमित्ताने महदाइसेने धवळे रचले, तेही रुक्मिणीच्या विवाहाचेच. आद्य मराठी कवयित्री म्हणून आपण जिचे नाव घेतो, तिची ख्यातनाम रचना एका खेळातल्या लग्नासाठी झाली आणि तिचा विषय स्वतःचे हरण योजणारी वधू होता, ही गोष्ट आम्हाला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे. खेळ म्हणजे खोटे, असे त्या परंपरेला वाटत नव्हते.

वारकरी परंपरेतही स्वामी आणि दास यांची जागा सतत हलती आहे. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणविते आणि तिच्या घरी विठ्ठल दळू लागतो, तिची वेणी घालतो. दासीची सेवा देव करतो, आणि त्याने त्याचे देवपण किंवा तिचे दास्य यांपैकी काहीच उणे होत नाही. आमच्या भागातले संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तर याहून पुढे गेले. लोणी टाकळीला जन्मलेले, माधानला वाढलेले, बाल्यातच दृष्टी गेलेले हे पुरुष लौकिकात विवाहित गृहस्थ होते. तेच स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत, कृष्णाची पत्नी मानीत आणि मंगळसूत्र, कुंकू धारण करीत. शिष्यांचे ते गुरू होते, म्हणजे आज्ञा देणारे. आणि कृष्णासमोर पूर्ण शरण गेलेली वधू होते. एका देहात या दोन्ही गोष्टी नांदू शकतात, हे वऱ्हाडाने शंभर वर्षांपूर्वी पाहिले आहे. येथे एक खुलासा आवश्यक आहे. त्यांच्या मधुराभक्तीला आमच्या शयनगृहाचे समर्थन म्हणून वापरण्याचा अधिकार आम्हाला नाही आणि आमचा तसा हेतूही नाही. आम्ही एवढेच म्हणतो की आज्ञा करणे आणि शरण जाणे ही दोन वेगळ्या जातींच्या माणसांची कामे आहेत, हा समज आपल्या भाषेने कधीच पूर्णपणे मान्य केला नव्हता.

परंपरेचा आधार घ्यायचा तर तिची काळी पानेही वाचावी लागतात. वात्स्यायनाच्या कामसूत्रात दुसऱ्या अधिकरणात ‘पुरुषायित’ हे प्रकरण आहे. स्त्रीने पुरुषाची भूमिका घ्यावी, ती केव्हा आणि कशी, हे त्यात आले आहे. तेथे एक छोटेसे पद आहे, त्याकडे आमचे लक्ष उशिरा गेले. ती भूमिका घेण्यापूर्वी तिने त्याची अनुमती घेतलेली असते. दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शास्त्रकाराला येथे अनुमतीची आठवण झाली. पण त्याच्या लगेच आधीच्या प्रकरणात, प्रहार आणि सीत्कार यांच्या विवेचनात, स्त्रीने उच्चारण्याच्या शब्दांची यादी आहे. त्यात आईचा धावा आहे, निवारणाचे शब्द आहेत, ‘सोड’ आणि ‘पुरे’ या अर्थाचे शब्द आहेत, आणि ते सारे शृंगाराचे अलंकार म्हणून नोंदविलेले आहेत. म्हणजे तिच्या ‘पुरे’चा अर्थ पुरे असा होत नाही. मग ज्या वेळी खरोखरच पुरे झाले असेल, त्या वेळी तिने काय म्हणावे? शास्त्रकार तो शब्द देत नाही.

त्याच प्रकरणात पुढे तीन नोंदी आहेत. चोल राजाने चित्रसेना नावाच्या गणिकेला शृंगारातल्या प्रहाराने ठार केले. कुंतल देशाचा राजा शातकर्णी सातवाहन याने महादेवी मलयवती हिला ‘कर्तरी’ नावाच्या प्रहाराने मारले. पांड्य राजाचा सेनापती नरदेव याने एका नटीचा डोळा फोडला. हे प्रहार क्लेशदायक आणि अनार्य आहेत, म्हणून त्यांचा आदर करू नये, असे वात्स्यायन बजावतो. तरी त्या तिघींची कहाणी आणि ती शब्दांची यादी एकाच प्रकरणात आहेत. ‘पुरे’ या शब्दाचा अलंकार केला आणि त्याच्या जागी दुसरा खरा शब्द ठेवला नाही, तर काय होऊ शकते याचे उदाहरण ग्रंथानेच देऊन ठेवले आहे.

आणखी एक पान आमच्या प्रदेशाचे आहे. पाचव्या अधिकरणात राजांच्या अंतःपुरांतल्या चाली सांगताना वात्स्यायन वत्सगुल्म आणि विदर्भ यांची नावे घेतो. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातले. तेथे अमात्यांच्या स्त्रिया रात्री राजाच्या सेवेला जात. विदर्भात जनपदातल्या रूपवती स्त्रियांना प्रीतीच्या मिषाने महिनाभर किंवा पंधरवडा अंतःपुरात ठेवून घेत. प्रीतीचे मिष! लोकहित पाहणाऱ्या राजाने असे करू नये, असे प्रकरणाच्या शेवटी म्हटले आहे. रुक्मिणी ज्या भूमीतली, त्याच भूमीचा हाही इतिहास. दोन्हीकडे बाई राजाच्या रथात बसते. एकीने रथ बोलावला होता आणि दुसरीला रथ पाठविला होता. सगळे अंतर एवढेच, आणि ते बाहेरून दिसत नाही.

हे सारे आम्ही वाचले होते, वर्गात सांगितलेही होते. तरी आमच्या घरात जे घडायचे ते घडलेच.

आमचा एक थांबविण्याचा शब्द ठरलेला होता. मूर्तिजापूर ते अचलपूर ही अरुंद रुळांवरची शकुंतला गाडी धावत असे, तेव्हा दर्यापूरला उतरणाऱ्यांचे स्थानक बनोसा हे होते. लग्न करून आम्ही तेथेच उतरलो होतो. म्हणून शब्द ठरला, ‘बनोसा’. तो उच्चारला की सारे थांबायचे, कोणीही कारण विचारायचे नाही. एका रात्री ती आज्ञा करणारी होती आणि तो पाळणारा. सारे नेहमीप्रमाणे चालले होते. भूमिकेला रंग यावा म्हणून तिने त्याला हाक मारली, “सालदार!”

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने अगदी हळू ‘बनोसा’ म्हणाला आणि उठून अंगणात जाऊन बसला.

त्याचे वडील सालदार होते. तिला हे ठाऊक होते, लग्नाआधीपासून ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि कळणे यांत अंतर असते. तिचे माहेर बागायतदारांचे, घरी चार-पाच सालगडी. पाडव्याला त्यांच्या सालाचे ठरे, हे तिने ओसरीच्या वरच्या बाजूने पाहिलेले. त्याने तेच खालच्या बाजूने पाहिले होते. सालाचे ठरताना वडील नेहमी उकिडवे बसत, मान खाली घालून. उचल आधीच घेतलेली असे, कधी बहिणीच्या लग्नासाठी, कधी दवाखान्यासाठी. उचल घेतलेल्या माणसाला साल सोडता येत नाही. धनी चांगला होता, शिव्या देत नसे, पोळ्याला नवे धोतर देई आणि त्या दिवशी बैलांबरोबर त्यांच्याही जेवणाचा मान असे. दुसऱ्या दिवशी बैलांच्या खांद्यावर जू येई आणि वडीलही वखरामागे चालू लागत. “एक दिवसाचा मान बैलाले असते, सालदाराले असते,” तो त्या रात्री अंगणात वऱ्हाडीत बोलत होता, जे तो एरवी घरात बोलत नाही. “आपण हे जे खेळतो ना, त्यात माझा बाप आन नको.”

त्यानंतर सात-आठ महिने आमच्यात तसे काही झाले नाही. सर्वनामेही जागच्या जागी राहिली. त्या काळात आम्ही जितके बोललो तितके आधीच्या दहा वर्षांत बोललो नव्हतो. आम्हाला जे दिसले ते सुखद नव्हते. आतापर्यंत आम्ही अशी समजूत करून घेतली होती की तिने हुकूम करणे ही पुरुषसत्तेची उलटापालट आहे, म्हणून ते निर्मळ आहे. त्याने हुकूम करणे तेवढे जपून करायचे. पण बागायतदाराच्या मुलीने सालदाराच्या मुलाला पायाशी बसविणे यात उलटापालट कसली? ती तर जुनीच घडी होती. आणि पतीने पत्नीला हुकूम करणे ही दुसरी जुनी घडी. आमच्या खोलीत एकही भूमिका कोरी नव्हती. दोन्हींच्या आत कोणाचे तरी आजोबा-पणजी उभे होते.

मग खेळ कायमचा सोडून द्यावा का? आम्ही तोही विचार केला. त्या वेळी आम्हाला सखारामाचा करार पुन्हा आठवला. १९७२ मध्ये हे नाटक रंगमंचावर आले तेव्हा परीनिरीक्षण मंडळाशी वाद झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि चर्चा सारी अश्लीलतेची झाली. आम्हाला त्यात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी वाटते. सखाराम फसवीत नाही. घरात आणतानाच तो सगळ्या अटी सांगतो. पटले नाही तर जाण्याची मुभा आहे, असेही सांगतो. करार स्पष्ट आहे आणि समोरची बाई होकार देते. पण नवऱ्याने टाकलेली किंवा नवऱ्याला सोडून आलेली बाई जाणार कोठे? दार उघडे आहे आणि बाहेर रस्ताच नाही. चंपाला तो करार पाळण्यासाठी दारू प्यावी लागते, यातच त्या होकाराची किंमत कळते. सालदाराचा पाडव्याचा करारही असाच. त्यावरही अंगठा स्वखुशीचाच असे.

तेव्हा होकार मोजायचा असेल तर नकाराची किंमत मोजावी लागते. ‘नाही’ म्हटल्यावर ज्याचे छप्पर जात नाही, अन्न जात नाही, अब्रू जात नाही, प्रेमही जात नाही, त्याच्याच ‘हो’ला अर्थ आहे. त्या रात्री त्याने ‘बनोसा’ म्हटले आणि ती थांबली. नंतर सात-आठ महिने काही झाले नाही आणि संसार मोडला नाही. त्याच्या वडिलांना असा शब्द आयुष्यात कधी मिळाला नव्हता. आमच्या खेळात आणि त्यांच्या सालात फरक काय, याचे उत्तर त्या मोकळ्या महिन्यांत होते. हे दिसले तेव्हा आम्हाला पुन्हा एकमेकांजवळ जाता आले.

परत सुरुवात केली ती काही नियम लिहून. कोणते शब्द कधीही वापरायचे नाहीत याची यादी केली. त्यात ‘सालदार’ पहिला आणि तिने सांगितलेले तीन शब्द त्याखाली. ते तीन तिच्या आत्याला ऐकावे लागत असत. गप्प बसणे म्हणजे संमती नव्हे, हे ठरले. घशातून शब्द निघाला नाही तर हाताने तीनदा थोपटायचे. पाळणारा जसा थांबवू शकतो, तसा आज्ञा करणाराही ‘आज नको’ म्हणू शकतो. हे शेवटचे कलम अनेकांना विचित्र वाटेल. पण शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा कोणालाही पाया पडू देत नसत. दुसऱ्याचे शरण येणे नाकारणे हाही एक अधिकार आहे, हे या भागात राहणाऱ्यांना निराळे सांगायला नको.

या गोष्टीकडे वैद्यकशास्त्र बराच काळ विकृती म्हणून पाहत आले. एका जिवंत कादंबरीकाराच्या, सॅखर-मॅझोखच्या, नावावरून क्राफ्ट-एबिंगने ‘मॅझोकिझम’ ही संज्ञा घडविली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणातून प्रौढांच्या परस्परसंमतीने होणाऱ्या अशा वर्तनाला विकारांच्या यादीतून वगळले गेले. संमतीशिवाय होते ते विकारातच राहिले. शास्त्राने रेघ जेथे ओढली ती जागा आम्हाला योग्य वाटते.

आपल्या कायद्याने मात्र पतिपत्नींच्या बाबतीत ती रेघ ओढलेली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये जुन्या दंडसंहितेतला अपवाद कायम राहिला. पत्नी अठरा वर्षांखालील नसेल तर पतीने तिच्याशी केलेला संभोग बलात्कार ठरत नाही. म्हणजे दर्यापुरातल्या आमच्या खोलीत आम्ही ज्या एका शब्दावर सारे उभे केले आहे, त्या शब्दाला फौजदारी कायद्यात पत्नीपुरती किंमत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी अधिनियमात लैंगिक अत्याचाराचा समावेश आहे, तेवढा आधार आहे. आम्हाला कोणी विचारेल की तुम्ही सुखी आहात, तुम्हाला या कायद्याचे काय? आम्हाला त्याचे फार आहे. जेथे बायकोच्या ‘नाही’ला आधार नाही, तेथे तिच्या ‘हो’वर जग विश्वास कसा ठेवील? आमच्यातल्या तिने उद्या चारचौघांत सांगितले की मला कधी कधी आज्ञा पाळायला आवडते, तर ऐकणारे तेच वाक्य उद्या दुसऱ्या एखाद्या बाईच्या तोंडावर फेकतील. या भीतीपोटी आम्ही इतकी वर्षे लिहिले नाही. ही भीती अजूनही गेलेली नाही.

बाहेरच्या जगाने आमच्यापैकी एकाच बाजूला नाव ठेवले, हेही नोंदवावेसे वाटते. तो भाजी निवडताना दिसला, तिच्यासाठी चहा करताना दिसला, की गल्लीत म्हणत, “मास्तर मास्तरणीले लय भेते.” ती आज्ञा पाळताना दिसली असती तर कोणी काहीच म्हटले नसते, ते तर गृहीतच आहे. मराठीत बायकोचे ऐकणाऱ्या नवऱ्यासाठी ताटाखालचे मांजर आहे, बायकोचा बैल आहे. नवऱ्याचे ऐकणाऱ्या बायकोसाठी असा प्राणी नाही. तिच्यासाठी एकच शब्द आहे, पतिव्रता.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येतो. ऐकण्यातले सुख खरे की सवयीचे? मॅडमचे आजचे उत्तर असे. बाहेरून पाहून ते ओळखता येणार नाही, कोणा तिसऱ्याने ते ठरवूही नये. स्वतःपुरत्या दोन कसोट्या लावता येतात. पहिली, मला हे मध्येच थांबविता येते का, आणि थांबविल्यावर मी सुरक्षित असते का? दुसरी, मला समोरच्या आसनावर बसून पाहता येते का, आणि तो माझ्या जागी बसायला तयार असतो का? लक्ष्मीला यांपैकी एकही शक्य नव्हते, म्हणून तिच्या सुखाविषयी आपण काही सांगू शकत नाही. तेंडुलकरांनीही ते सांगितलेले नाही. आम्हाला दोन्ही शक्य झाल्या, त्यासुद्धा एकमेकांना दुखावून झाल्यावर. दोन्ही आसनांवर बसल्यामुळेच आम्हाला कळले की आज्ञा ही पाळणाऱ्याने उसनी दिलेली असते. ज्याला परत मागता येत नाही, त्याने ती दिलेलीच नसते. त्याच्याकडून ती घेतलेली असते.

रूळ आहेत, पण बनोशाला ती छोटी गाडी आता येत नाही. तो शब्द आमच्या घरात मात्र अजून वापरात आहे. गेल्या महिन्यात तो पुन्हा उच्चारला गेला. कारण मोठे नव्हते. खाली बसलेल्या त्याचा गुडघा धरला होता. तिने लगेच हात देऊन उठविले, खुर्चीवर बसविले, तेल गरम करून आणले आणि गुडघा चोळता चोळता विचारले, “अहो, फार दुखते का?” तो म्हणाला, “तू बस जरा. चहा मी करतो.” सर्वनामे आपापल्या जुन्या जागी परत आली होती. ती तेथे कायमची नाहीत, हे आता दोघांनाही ठाऊक आहे.